डान्स फ्लोअरवर ठाण मांडलेल्या काउबॉयला खुले पत्र

रा. रा. नव्या टोपीचे भाऊसाहेब,

सा. न. वि. वि.

गेल्या शनिवारी रात्री साडेदहाला, ह्यूस्टनजवळच्या एका कंट्री म्युझिकवाल्या नाइटक्लबात, आपण डान्स फ्लोअरच्या अगदी कडेच्या पट्ट्यात उभे होता. एका हातात बिअर, दुसऱ्यात फोन, डोक्यावर कोरी करकरीत टोपी. "आई, बघ, काउबॉय!" असं आपण खणखणीत मराठीत ओरडलात, म्हणून हे पत्रही मराठीतच.

ती जागा आपल्याला रिकामी वाटली असेल. रिकामी होतीच, आम्ही येईपर्यंत. टू-स्टेपच्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फेर धरतात. दोन पावलं पटपट, दोन सावकाश. वेगात जाणाऱ्यांनी बाहेरची कड धरायची, रमतगमत जाणाऱ्यांनी आतली, आणि लाइन डान्सवाल्यांनी मधोमध रांगा लावायच्या. वारीच्या रिंगणात अश्व सुटल्यावर कुणी वाटेत उभं राहून घरी फोन लावतं का? इथे अश्व नव्हता हे खरं. मी होतो, आणि माझ्यापुढे पाठमोऱ्या पावलांनी नाचणारी, साठी ओलांडलेली माझी जोडीदार. तिला आपण दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसलात, पण तोवर उशीर झाला होता.

जोडीदार सावरली. आपणही सावरलात. सावरली नाही ती बिअर. माझे बूट लव असलेल्या चामड्याचे आहेत. गुळगुळीत चामडं फडक्याने पुसता येतं. हे चामडं आलेला पाहुणा आत घेतं आणि कायमचा ठेवून घेतं. त्या रात्री आपल्या ग्लासातली निम्मी बिअर माझ्या डाव्या बुटाने प्यायली. त्याच्या वतीने आभार.

यांत्रिक बैलावर आपण तीन सेकंद टिकलात, तेही त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून. रोडिओत आठ सेकंद लागतात आणि एक हात हवेत ठेवावा लागतो. पण बैलाने तक्रार केली नाही, तर मी कोण? टोपी उलटी होती, चिमटा पुढे हवा तो मागे गेला होता. तेही माफ.

कारण वेश इथे कुणाचा खरा आहे? शेजारच्या पॅसाडेनात १९७१ साली 'गिलीज' नावाचा क्लब उघडला. तिथे 'अर्बन काउबॉय'चं चित्रीकरण झालं. १९८० साली तो चित्रपट आला, जॉन ट्रॅव्होल्टा यांत्रिक बैलावर बसला, आणि आयुष्यात गाय न पाहिलेल्या शहरी मंडळींनी टोप्या नि बूट विकत घेतले. त्या चित्रपटाचा नायकसुद्धा दिवसा तेलशुद्धीकरण कारखान्यात राबतो. मी दिवसभर डेटाबेस सांभाळतो; गुराढोरांशी माझा संबंध लहानपणीच्या बैलपोळ्यापुरता. तेव्हा नकली काउबॉय म्हणून आपल्याला हिणवायला माझी जीभ रेटत नाही. टोपी खोटी चालते, बूट खोटे चालतात. तिथे खरा असतो तो एकच, तो फेर. आणि तोच आपण अडवलात.

धक्का लागला तेव्हा फोन मात्र आपण घट्ट धरून ठेवलात, त्यामुळे पडद्यावरच्या आईसाहेबांचं दर्शन झालं. भारतात रविवारची सकाळ, नऊ वाजलेले, हातात चहाचा कप. टू-स्टेप म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी त्या म्हणाल्या, "अरे, बाजूला हो, लोकांना जाऊ दे!"

त्यामुळे विनंती एवढीच. पुढच्या शनिवारी फोन खुशाल चालू ठेवा. फक्त कॅमेरा स्वतःच्या टोपीकडे न धरता फ्लोअरकडे धरा, आणि त्या सांगतील तिकडे सरका.

कळावे, लोभ असावा, बिअर नसावी.

आपला,
एका पायाने अजून ओला