घटक तोच, सूज नवी

अमेरिकेतल्या भाचीने फोनवर सांगितलं, की तिकडे डॉक्टरने कंपनीचं नाव लिहिलं तरी फार्मासिस्ट आपणहून स्वस्त जेनेरिक देतो. डॉक्टरने चिठ्ठीवर ‘हेच द्या’ असं बजावलं असेल तरच थांबतो. झालं! रोज रक्तदाबाची गोळी गिळणाऱ्या चिक्कू माणसाला असलं काही सांगू नये. दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या केमिस्टसमोर हजर.

“यात अ‍ॅम्लोडिपिन आहे ना? मग तेच, पण स्वस्तातलं द्या.”

“काका, चिठ्ठीवर हे नाव आहे. बदलून नाही देता येत.”

मग मी बोललो. घटक, पेटंट, कंपन्यांचा नफा, काही म्हणजे काही सोडलं नाही. मागे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी खोकल्याच्या गोळ्यांसाठी ताटकळत उभे.

घरी आल्यावर त्याला तोंडघशी पाडायला नियम शोधला. 1945च्या औषध नियमांतला 65 (11अ). चिठ्ठीत शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणारं, औषध असेल तर त्याऐवजी दुसरं द्यायचं नाही, घटक तोच असला तरी. म्हणजे मी येणार हे सरकारला आधीच ठाऊक होतं!

मोर्चा डॉक्टरांकडे वळवला. जेनेरिक नावं लिहा, असं वैद्यक परिषदेने त्यांना 2016मध्येच सांगितलंय. ऑगस्ट 2023मध्ये परिषदेच्या जागी आलेल्या नव्या आयोगाने सक्ती केली आणि त्याच महिन्यात ती स्थगितही केली. आमच्या डॉक्टरांनी मात्र निमूटपणे घटकाचं नाव लिहून दिलं. ती चिठ्ठी मी केमिस्टपुढे आपटली. त्याने शांतपणे दुसऱ्याच कंपनीची पट्टी काढली. गोळीमागे चार आणे महाग.

“आता कंपनी मी ठरवायची, काका.”

शेवटी जनऔषधी केंद्र गाठलं. किंमत ऐकून इतका हरखलो की एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या उचलल्या. रात्री जेवणानंतर एक घ्यायला लागलो.

पंधरवड्यात पाय सुजले. चपलेचा अंगठा तुटला, नवी जोडी घ्यावी लागली. गोळ्यांत वाचलेले पैसे तिथे गेले. “स्वस्तातलं औषध, दुसरं काय!” असं मी सोसायटीभर सांगितलं. सेक्रेटरींना तर गाठून सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, घेताय त्या सगळ्या पट्ट्या दाखवा. हिने पर्समधून जुनी, कंपनीची पट्टी काढली. सकाळच्या चहाबरोबर ही त्यातली गोळी बशीत ठेवायची आणि मी पेपर वाचता वाचता गिळायचो.

“अहो, घटक तोच आहे हा,” डॉक्टर म्हणाले. “डोस दुप्पट झाला की या औषधाने पाय सुजतात.”

तेव्हा जेनेरिक हवं असेल तर चिठ्ठीच तशी लिहून घ्या, थेट जनऔषधीत जा आणि जुनी पट्टी घरातून हलवा. केमिस्टशी मात्र भांडू नका. रांगेत सेक्रेटरी असतात, आणि ते परवा मला घटकाचं नाव विचारत होते.