न खेळणाऱ्याचे लास वेगास

लास वेगासमधील प्रेक्षणीय स्थळे म्हणजे तिथले कॅसिनो. देऊळ, किल्ला, समुद्र यांपैकी काहीही हाताशी नसताना वाळवंटातले हे गाव जगाच्या नकाशावर आले, ते १९३१ साली नेव्हाडा राज्याने जुगार कायदेशीर केल्यामुळे. पाहण्यासारखे बहुतेक सगळे पावणेसात किलोमीटर लांबीच्या एकाच रस्त्यावर, म्हणजे स्ट्रिपवर आहे. हा रस्ता मात्र बराचसा लास वेगास शहराच्या हद्दीत मोडतच नाही. शहराने आपल्यावर कर बसवू नये म्हणून कॅसिनोवाल्यांनी १९५० साली हद्दीबाहेर पॅरडाइज नावाची वेगळी वस्ती मंजूर करून घेतली. पहिला डाव असा पाहुणे येण्याआधीच जिंकलेला आहे.

स्थळे पाहायला सहसा तिकीट नसते. १९९८ साली उघडलेल्या बेलाजिओ या हॉटेल-कॅसिनोसमोरच्या तळ्यात बाराशेहून अधिक कारंजी संगीताच्या तालावर नाचतात आणि त्यांचे पाणी दीडशे-दोनशे नव्हे, तब्बल ४६० फुटांपर्यंत उडते. आत रिसेप्शनच्या छताला काचशिल्पकार डेल चिहुली यांनी घडवलेली दोन हजार काचेची फुले लगडली आहेत. पलीकडच्या बागेत खरी फुले आहेत, तीही फुकट. ‘बघायला काय जातंय?’ या तत्त्वावर वाढलेल्या मराठी पर्यटकाला ही व्यवस्था चांगलीच मानवते.

बघायला काय जाते, हे वाटेत कळते. काचेच्या फुलांकडून खऱ्या फुलांकडे, तिथून जेवणाकडे, जेवणाकडून स्वच्छतागृहाकडे, कुठेही निघाले तरी रस्ता कॅसिनोला वळसा घालून किंवा त्याच्या पोटातूनच जातो, आणि तो सरळ कधीच जात नाही. भिंतीवर घड्याळ नसते. खिडक्या शक्यतो नसतात. एकवीस वर्षांखालच्यांना इथून चालत जाता येते, थांबता येत नाही. त्यामुळे एक कौटुंबिक दृश्य जागोजागी दिसते. वडील एखाद्या लुकलुकत्या यंत्रापाशी घुटमळतात, पाठीवर दप्तर लावलेला मुलगा त्यांच्याभोवती गोल गोल चालत राहतो आणि आई दबक्या आवाजात म्हणते, ‘‘अहो, चला ना! तो रखवालदार बघतोय.’’ यंत्रापुढे बसणाऱ्याला पेय फुकट मिळते, आणून देणारीला डॉलरभर टीप द्यायची रीत आहे. जिंकल्यावर नाण्यांचा खळखळाट होतो, पण नाणी पडत नाहीत. आवाज ध्वनिमुद्रित असतो आणि हाती कागदाची चिठ्ठी येते.

रूलेटचे गणित चौथीच्या मुलालाही सुटेल. चाकात दोन शून्ये धरून ३८ घरे, आकडा लागला तर एकास पस्तीस. फरक कॅसिनोच्या मालकाचा, शंभरामागे सव्वापाच डॉलर. हल्ली बऱ्याच टेबलांवर तिसरे शून्यही आले आहे. तिथे हा वाटा पावणेआठच्या जवळ जातो. धर्मराजाला शकुनीच्या फाशांतले कपट तरी दिसत नव्हते. इथे सगळे टेबलावर छापलेले असते, आणि तरीही जागा मिळत नाही.

दक्षिणेकडून निघाल्यास प्रथम १९५९ सालची ‘वेलकम’ची पाटी लागते. तिच्यापुढे फोटोसाठी रांग असते आणि ती शिस्तीत उभी राहते, हे या गावातले नवलच. पुढे लक्सरचा तीस मजली पिरॅमिड. भिंतीच तिरक्या असल्याने त्याच्या लिफ्टही ३९ अंशांत तिरक्या चढतात. थोड्या अंतरावर न्यूयॉर्क-न्यूयॉर्क, आणि तिथे स्वातंत्र्यदेवतेची निम्म्या आकाराची प्रतिकृती. २०१०च्या अखेरीस अमेरिकेच्या टपाल खात्याने स्वातंत्र्यदेवतेचे तिकीट काढले, त्यावर चुकून छायाचित्र छापले गेले ते या देवीचे. शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन यांनी दावा लावला. आपल्या मूर्तीचा चेहरा मूळ चेहऱ्याहून वेगळा आहे आणि तो घडवताना नजरेसमोर सासूबाईंचा फोटो होता, असे त्यांनी कोर्टाला सांगितले. २०१८ साली कोर्टाने त्यांना ३५ लाख डॉलर देवविले. सासूबाईंपायी इतका धनलाभ झालेला दुसरा जावई या शहरात सापडणे कठीण.

बेलाजिओच्या समोर पॅरिस आहे. तिथला आयफेल टॉवरही निम्माच, पण त्याचे मागचे पाय छत भेदून थेट कॅसिनोत उतरले आहेत. फ्रेंचांना हे सुचले नव्हते. व्हेनिशियनमध्ये व्हेनिसचा कालवा दुसऱ्या मजल्यावर वाहतो, वर रंगवलेले आकाश आहे आणि नावाडी इटालियन गाणी म्हणतो. हे मात्र फुकट नाही. काठावर उभे राहून दुसऱ्याच्या नावेतले गाणे ऐकता येते, आणि बहुतेक जण तेच करतात.

सीझर्स पॅलेस १९६६ सालचा. रोमन पुतळ्यांच्या या गर्दीत, रस्त्याच्या कडेला, चतुर्मुख ब्रह्मदेवाचे सोनेरी देवालय आहे. बँकॉकच्या प्रसिद्ध मूर्तीची ही प्रतिकृती १९८४ साली थायलंडहून भेट आली. भारतात ब्रह्मदेवाची देवळे शोधावी लागतात, पुष्करखेरीज दुसरे नाव चटकन आठवत नाही. इथे त्याच्यापुढे उदबत्त्या, फुले, फळे यांना तोटा नसतो. ब्रह्मलिखित टळत नाही हे ठाऊक असलेले भाविक ते दुरुस्त करून घ्यायला थेट लेखकाकडेच आलेले असतात. हात जोडून झाले की पाऊल आत वळते. परतताना आभार मानायला येणारे त्या मानाने थोडे.

या शहरात जुने फार काळ टिकत नाही. बेलाजिओच्या जागी आधी ड्यून्स होते, व्हेनिशियनच्या जागी सँड्स. दोन्ही सुरुंगाने पाडली आणि ते पाडकामही लोकांनी गर्दी करून पाहिला. मिराजपुढचा नकली ज्वालामुखी १९८९पासून रोज संध्याकाळी फुटत असे, तो २०२४ साली हॉटेलाबरोबरच बंद झाला. त्यामुळे मामेभावाने दहा वर्षांपूर्वी करून दिलेली ‘नक्की बघ’ यादी फारशी उपयोगी पडत नाही. बंद पडलेल्या कॅसिनोंच्या जुन्या निऑन पाट्या उत्तरेकडे, जुन्या शहरभागाजवळच्या निऑन म्युझियममध्ये मांडून ठेवल्या आहेत. तिथे एकही स्लॉट मशीन नाही, त्यामुळे आत जायला तिकीट पडते.