मिस्त्री उद्या येतात

पालीत एखादी गोष्ट गुपचूप उरकायची असेल तर ती संडास बदलण्याची नसावी. आमच्याकडे मुलीचं लग्न जमतंय ही बातमी साखरपुड्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाबून ठेवता येते. बांधाचा वाद कोर्टात गेला तरी घरचे 'जरा कागदाचं काम होतं' एवढ्यावर भागवतात. पण अंगणात कमोड उतरला की ज्या भावकीशी वर्षानुवर्षं बोलणं नाही, तीही कुंपणावरून विचारते, "कितीला पडला?"

गाव छोटं. मागे राजगड, पुढे कानंदीचं खोरं, मधे भातखाचरं. आम्ही जन्मलो वेल्हे तालुक्यात, आता कागदोपत्री तो राजगड तालुका झाला. गडाच्या एका दरवाजाला आमच्या गावाचं नाव आहे आणि त्यातल्या त्यात सोपी, पायऱ्यांची वाट त्याच दरवाजात जाते. त्यामुळे शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची ट्रेकर मंडळी दारावरून जातात. जाताना विचारतात, "गडावर पोचायला किती वेळ लागेल?" येताना विचारतात, आवाज खाली आणून, "इथे वॉशरूम आहे का?"

आईचा जन्म वाकून भात लावण्यात गेला. गुडघ्यांनी त्याची वसुली आता सुरू केली आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "उकिडवं बसणं बंद." आईने विचारलं, "मग संडासला काय उभ्यानं जाऊ?" डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं. बहिणीने भांड्यावर ठेवायची, मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची धाडली. आईने ती उलटसुलट पाहिली, स्वयंपाकघरात नेली आणि तिच्यावर पाण्याचा माठ ठेवला. माठाचं बूड त्या भोकात इतकं बेमालूम बसलं की आता ती खुर्ची मागायची कुणाची छाती नाही.

आमचा संडास परसात, घरापासून सुटा. तो वडिलांनी बांधला. त्याआधी गावोगाव गुड मॉर्निंग पथकं फिरायची. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला गुलाबाचं फूल देऊन लाजवायची. फूल एका हातात, टमरेल दुसऱ्या हातात, आणि समोर ग्रामसेवक. अशा वेळी नमस्कार कसा करायचा हे कुठल्याच शासननिर्णयात नव्हतं. २००० साली गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान आलं, २०१४ ला स्वच्छ भारत आलं आणि घरामागे १२,००० रुपये आले. वडिलांनी त्यात पदरचे घातले. सिमेंट तर असं घातलं की पुढेमागे राजगडाचा एखादा बुरूज ढासळला तर डागडुजीला आमचा संडास न्यावा.

भांडं ग्रामीण पद्धतीचं होतं, आणि माझ्या मते त्याच्याइतकी हुशार वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती. उतार खडा. वास अडवायला खालच्या वाकात जे पाणी उभं राहतं त्याची खोली जेमतेम २० मिलिमीटर. त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. शहरी भांड्यात हीच खोली ५० मिलिमीटर असते आणि पाणीही त्या मानाने ओतावं लागतं. मागे दोन शोषखड्डे, मधे चेंबर. एक खड्डा भरला की त्याचं तोंड बंद करून दुसऱ्याचं उघडायचं. भरलेला दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की आत काळी, वास नसलेली माती तयार होते. तिला सोनखत म्हणतात. ते उपसायची वेळ आली की घरातल्या प्रत्येक पुरुषाला पुण्यात अर्जंट काम निघतं.

कमोड बसवायला मिस्त्री उद्या येणार होते. मिस्त्री आमच्याकडे कायम उद्याच येतात. त्यांना तरी काय बोलायचं? डोंगरउतारावर पुणेकरांची फार्महाऊसं उठू लागल्यापासून एकेका बंगल्यात चार-चार बाथरूमचं काम मिळतं. परसातल्या एका भांड्यासाठी थापी कोण उचलेल? पाऊस तोंडावर आला होता. तेव्हा मी जाहीर केलं की मीच बसवतो.

घर गप्प झालं. नाना, म्हणजे माझे चुलते, तंबाखू मळत होते ते थांबले.

"तू? सोताच्या हातानं?"

"हो."

"संडास?"

"हो नाना."

"आरं, पण तू बीएस्सी झालायस ना?"

खरी अडचण ही होती, छिन्नी-हातोड्याची नव्हे. आमच्या गावात माणसं घर शाकारतात, विहिरीत उतरून मोटर काढतात, अडलेली म्हैस मोकळी करतात. हात अडतो तो या एकाच जागी. का अडतो ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. हे काम पिढ्यान् पिढ्या काही ठरावीक माणसांच्या डोक्यावर ठेवलं, आणि मग त्या माणसांनाही कामाच्याच नजरेने पाहिलं. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी संडाससफाईचं काम मागितलं, तर ते ब्राह्मण, म्हणून तुरुंगवाले देईनात. अप्पासाहेबांनी उपोषण आरंभलं. त्यांच्या पाठिंब्याला येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्न सोडलं. काम कमी करा म्हणून उपाशी बसलेली माणसं पुष्कळ पाहिली. हेच काम द्या म्हणून उपाशी बसलेला माणूस कोकणातच निपजायचा. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी गरिबाला परवडतील असे संडास तयार केले.

हे सगळं मी नानांना ऐकवलं. नाना म्हणाले, "त्ये तुरुंगात व्हते. तू घरी हायेस."

नसरापूरच्या दुकानात पहिलाच प्रश्न आला, "एस का पी?" एस म्हणजे ज्याचा वाक खाली जमिनीत उतरतो तो, पी म्हणजे मागे भिंतीत जातो तो. वाकात पाणी उभं ठेवून दुर्गंधी अडवण्याच्या युक्तीचं पेटंट १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग याने घेतलं. हा गृहस्थ धंद्याने घड्याळवाला. वेळ थांबवणं जमलं नाही, निदान वास थांबवला. मी मोठ्या उत्साहाने दुकानदाराला हे सांगितलं. तो म्हणाला, "भिंतीपासून पाईप किती इंचावर?"

वहिनीला फोन लावला. ती म्हणाली, "एक वीत आन् चार बोटं." दुकानदाराने काउंटरवर स्वतःची वीत टाकली, तिच्यापुढे चार बोटं टेकवली आणि "बारा इंची" म्हणून पावती फाडली. ते माप पुढे तंतोतंत निघालं. माझी मेजरिंग टेप खिशातच होती. तिने मान खाली घातली असावी.

कमोड मोटारसायकलवरून आला. मागे चुलतभाऊ, त्याच्या मांडीवर सोलापुरी चादरीत गुंडाळलेला ऐवज. लग्नसराई होती. मार्गासनीला चहाला थांबलो तर टपरीवरच्या मावशींनी विचारलं, "रुखवत व्हय रं?"

"व्हय मावशी."

"काय देताय?"

"खुर्ची," भाऊ म्हणाला, आणि शब्दाने खोटं बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी फोडाफोडी सुरू झाली तशी परसात बैठक भरली. पालीत प्रत्येक जण या विषयात तज्ज्ञ असतो, फक्त हात लावणारा नसतो. एकाने सांगितलं, दार पूर्वेला करा. दुसऱ्याने जुनं भांडं तुळस लावायला मागितलं आणि आईने ज्या नजरेने पाहिलं त्याने तो घरी गेला. वडिलांचं सिमेंट काही दाद देईना. शेवटी भांडं तुकड्या-तुकड्यांनी निघालं, आणि खालचा पाईप तीन इंची आहे हे दिसलं. कमोडला चार इंची लागतो. म्हणजे चेंबरपर्यंत जमीन उकरणं आलं.

त्या काळात घरच्यांची सोय नानांकडे. तिथली अडचण वेगळीच. काकू चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. चहा प्यायला की तासाभराने पुन्हा जावं लागतं. पुन्हा गेलं की पुन्हा चहा. त्या दिवसांत आमच्या दोन घरांत जेवढं येणंजाणं झालं तेवढं वाटणी झाल्यापासून झालं नव्हतं. काकूंची साखर मात्र संपली.

नाना ओट्यावर बसून उकरणं पाहत होते. मधेच म्हणाले, "म्हाराजांच्या गडावर व्हती का असली थेरं?"

मी कुदळ टेकवली. म्हटलं, नाना, रायगडावर राणीवशाच्या वाड्यांना शौचकूप आहेत, आजही दाखवतात. आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त तर चोख हुकूम आहे. गडावर वाटेत, बाजारात, तटाला कुठे केरकचरा पडू द्यायचा नाही. गडाखाली लोटायचा नाही. जागच्या जागी जाळून ती राख परसात टाकायची आणि तिच्यावर भाजीपाला करायचा.

"असं लिवलंय?"

"लिहिलंय."

"परसात?"

"परसात."

नानांनी मागे गडाकडे एकदा पाहिलं. मग धोतराचा काचा मारला आणि चरात उतरले. त्यानंतर कुदळ मला परत मिळाली नाही. अप्पासाहेबांनी जे साधलं नाही ते अमात्यांनी साधलं. पाण्याची नळी धरून लेव्हल त्यांनीच काढली, चार इंची पाईपाला चेंबरकडे ढाळ त्यांनीच दिला. कमोडखाली सिमेंटचा गिलावा ओतायला निघालेल्या शेजाऱ्यालाही त्यांनीच थोपवलं. ते बरोबरच होतं. खाली सिमेंट भरलं की पुढे कधी काढायचा झाला तर कमोड फोडावाच लागतो. गिट्टी ठोकून स्क्रू आवळायचे आणि कडेने तेवढं पांढरं सिमेंट भरायचं. नळाच्या जोडांना टेफलॉन टेप मी गुंडाळली. बीएस्सीचा उपयोग झाला तो तिथे.

सिमेंट वाळल्यावर उद्घाटन. आईने दारात नारळ फोडला आणि आत गेली. बाहेर आम्ही सगळे दुसरीकडे बघत उभे. फ्लशचा आवाज आला. आई बाहेर आली, हात धुतले, पदराला पुसले आणि निकाल दिला: "गुडघ्याला बरं हाय. पर पाणी लई खातंय."

निकाल अचूक होता. जिथे दीड-दोन लिटरवर भागत होतं तिथे टाकीचं मोठं बटण सहा लिटर सोडतं, लहान बटण तीन. वेल्ह्याच्या पावसात जमीन आधीच पाणी पिऊन टम्म असते, तिथे शोषखड्डा शोषणार किती? पावसाने भल्याभल्यांना धडा दिला आहे. देहूला सरकारी डॉक्टर म्हणून आलेल्या सुहास विठ्ठल मापुसकरांनी गावात बांधवलेले पहिले संडास पावसातच कोसळले. ते अप्पासाहेबांच्या 'सोपा संडासा'कडे वळले, तो बांधायला शिकले, आणि औषधाच्या बाटलीपेक्षा शोषखड्ड्याने जास्त रोगी बरे होतात हे देहूकरांना पटवत राहिले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आमच्या नानांना मी हे सांगितल्यापासून ते स्वतःची नेमणूक झाल्यासारखे रोज चेंबरचं झाकण उचलून बघतात.

मिस्त्री आले. पाऊस सुरू झाल्यावर आले. कमोडभोवती फिरले, वाकून पाहिलं, बोटाने कड खरवडली.

"कुणी बसवला?"

"आम्हीच."

"पांढरं सिमेंट जास्त झालंय," ते म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. जाताना नानांकडच्या संडासाचं माप घेतलं. तिथे उद्या येणार आहेत.

आता तुमच्यासाठी. पाली दरवाजाने उतरलात आणि अडचण असली तर संकोच करू नका, विचारा; पैसे वगैरे काढू नका, आईला आवडत नाही. बुटांचा चिखल पायरीवर झाडा. आणि काहीही झालं तरी मोठं बटण दाबू नका. नाना बाहेरच बसलेले असतात आणि त्यांना आवाजावरून कळतं.