खारे मासे आणि काकांचा चातुर्मास

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून समुद्र पाहायचा तर रात्रभर गाडीत बसून पुरी नाहीतर विशाखापट्टणम गाठावं लागतं. आमच्या काकांना एवढा धीर नाही. त्यांनी खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी मांडून समुद्रच घरी आणला. आता त्याहून मोठी टाकी आली आहे. जुन्या टाकीतून नवीत बिऱ्हाड हलवताना माशांच्या जेवणाचं काय, यावर घरात रोज सभा भरते. तिथे ठरलेले नियम गरजूंसाठी देत आहे.

नियम पहिला, सोवळं. आमच्याकडे अंडं उंबरठा ओलांडत नाही. फ्रीजरमध्ये मात्र मटारांच्या पिशवीखाली मायसिसच्या, म्हणजे कोळंबीच्या चिमुकल्या चुलतभावंडांच्या, गोठवलेल्या वड्या असतात. डब्यावर काकांच्या सुवाच्य अक्षरात ‘औषध’. काकूंना सगळं ठाऊक आहे; त्या फक्त तो कप्पा पुसत नाहीत. चातुर्मासात घरात लसूण बंद, पण माशांची वासना चाळवावी म्हणून वड्या लसणाच्या रसात भिजतातच. “त्यांना कुठलं आलंय गोत्र!” इति काका.

नियम दुसरा, उपास. हलवण्याआधी एक दिवस खाणं बंद. पोटभर जेवलेला मासा बादलीतलं पाणी नासवतो, अमोनिया वाढतो. आणि समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ असल्यामुळे हा अमोनिया जास्तच विषारी ठरतो. हे मला काकांनीच शिकवलं. उपासाच्या दिवशी दर तासाला काचेपाशी जाऊन “भूक लागली का रे?” विचारणारेही तेच. मागे एकादशीला मला घेरी आली, तेव्हा ही चौकशी कुणी केली नव्हती.

अपवाद टँग माशाचा. तो दिवसभर चरणारा, त्याला लांबलेला उपास सोसत नाही. नव्या टाकीत गेल्यावर नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, चिमट्याने लावून द्यावी. चिमटा लोखंडी स्प्रिंगचा नको, गंजतो. शाकाहारी म्हणून या एका माशाला काकू स्वतःच्या हाताने वाढतात.

नियम तिसरा. जुन्या टाकीतले दगड जुन्याच खाऱ्या पाण्यात बुडवून न्यावेत. घाण पचवणारे जिवाणू त्यांच्यावर असतात. दगड वाळले की ते मेले, आणि नव्याने वसायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर माशांना किती पचतं हा प्रश्नच नाही, टाकीला किती पचतं ते पाहायचं.

चौथा: पहिल्या दिवशी दिवा मंद, पाहुणे बंद. पाऱ्यातल्या पोरांना ‘निमो’ परवा दाखवावा.

पाचवा: पहिला घास चिमूटभर, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढाच, उरलेला लगेच काढावा. नव्या जागी मासे दिवस-दोन दिवस तोंड फिरवतात, धडधाकट माशाला त्याने काही होत नाही. काकांना होतं. म्हणून औषधाचा डबा त्या दिवसांत काकूंच्या ताब्यात असावा.

सहावा: वीज गेली तर खाणं देऊ नये, पाण्यातला प्राणवायू आधीच कमी पडतो. इन्व्हर्टरवर आधी टाकीचा हवेचा पंप, मग माणसांचा पंखा. हा क्रम आमच्याकडे मे महिन्यातही बदलत नाही, आणि रायपूरचा मे म्हणजे काय ते ज्यांनी काढलाय त्यांनाच विचारा.