पाच अंशांची यात्रा

मे उजाडला की पुण्यात एक वाक्य हमखास कानी पडते : "आम्ही काय बाई, महाबळेश्वरला आमच्या घरी!" 'आमच्या'वरचा जोर कर्जाच्या हप्त्याएवढाच असतो.

हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पुणे साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. म्हणजे सगळा खटाटोप पाच अंशांसाठी. अंतर जेमतेम 120 किलोमीटर, पण मे महिन्यातले. खंबाटकीच्या चढावर गाडी तापते, म्हणून एसी बंद. काचा उतरवल्या की पुढचा ट्रक आपल्या परीने हवापालट घडवतो. वाई सोडून पसरणी घाटात शिरावे, तर अख्खे पुणे तिथेच अडकलेले! ज्यांना टाळायला निघालो, ते शेजारी पुढच्याच गाडीत दशम्यांचा डबा सोडून बसलेले.

एकोणिसाव्या शतकात गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वरला बस्तान बसवले आणि पुढे मुंबई सरकारच उन्हाळ्यात वर येऊ लागले. साहेबाचे सामान वाहायला माणसे होती. आमची आंब्याची पेटी, गहू आणि सासूबाईंची उशी आम्हीच वाहतो.

कुलूप उघडल्यावर कळते, नळाला पाणी नाही. पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटर कोसळणाऱ्या गावात आम्ही टँकरची वाट बघत गॅलरीत बसतो. दोन दिवस जळमटे काढतो, तिसऱ्या दिवशी परततो आणि सांगतो, "हवा काय सुंदर होती!"

यंदा मात्र ठरलेय : वरच्या घरालाही एसी बसवायचा.