दहा हजारांच्या आत

आमच्या सोसायटीतल्या अण्णांनी निवृत्तीनंतर मेटल डिटेक्टर घ्यायचं ठरवलं आणि पहिली घोषणा केली, "दहा हजारांच्या आत." अण्णांच्या घरात आधी आकडा येतो, मग वस्तू. मिक्सर, स्कूटर, मुलीच्या लग्नातला आचारी, सगळे याच क्रमानं आले. खरेदीची घाई त्यांना कधीच नसते. ती दुकानदाराला असते.

असा माणूस पुण्यात दर दोन इमारतींमागे एक सापडतो. त्याला वस्तू नको असते असं नाही, पण ती घेतली की तिच्याबद्दल वाचणं संपतं, ही त्याची खरी अडचण. अण्णांनी दोनशे पानी वही आणली आणि फूटपट्टीनं रकाने आखले. वजन, कॉइलचा व्यास, किलोहर्ट्झ, बॅटरी, वॉरंटी आणि शेवटी शेरा. अमेरिकेची गॅरेट, ऑस्ट्रेलियाची मायनलॅब, तुर्कस्तानची नोक्ता, सगळ्या कंपन्या तिथे ओळीनं बसल्या. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेकांपुढे एकच शब्द होता : महाग.

त्यांच्यासमोर चहाला बसलं की शिकवणी सुरू. "एक कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. धातू असेल तर त्यात भोवरी प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, आणि ते दुसरी कॉइल पकडते. म्हणजे जमिनीला हाक मारायची आणि ओ कोण देतो ते ऐकायचं." इथपर्यंत मला समजतं. पुढे किलोहर्ट्झ लागतात. कमी वारंवारिता चांदीला आणि मोठ्या वस्तूंना बरी, खोलही जाते. बारीक सोन्याला जास्त वारंवारिता हवी. अण्णांना दोन्ही हवं होतं, अर्थात दहा हजारांच्या आत.

जाहिरातींवर त्यांचा विश्वास नाही, पण वाचतात सगळ्या. एका यंत्राला म्हणे दहा मीटर खोलवरचं सोनं कळत होतं. "दहा मीटर म्हणजे तीन मजले! एवढं दिसत असतं तर हा माणूस यंत्र कशाला विकत बसला असता?" मग खालच्या आवाजात खरं सांगतात : या किमतीच्या यंत्राला नाणं कळतं ते वीतभर खोल, तेही माती भली असेल तर.

आणि आपली माती भली नाही, हे अण्णांचं दुसरं दुःख. सह्याद्री पडला बेसॉल्टचा, त्यात मॅग्नेटाइट. कोकणात जावं तर जांभा, म्हणजे लोहच. समुद्रावर जावं तर ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहून नेते आणि एकाच वारंवारितेचं यंत्र उगाच कोकलत सुटतं. या सगळ्याला जमवून घेण्याची सोय असते, तिला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. स्वस्त यंत्रात तो कारखान्यातच कायमचा बसवून देतात. कुठल्या मातीला धरून, ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. "आपल्या जमिनीला चालेल असं यंत्र दहा हजारांत बसत नाही, आणि दहा हजारांत बसतं ते आपल्या जमिनीला चालत नाही," असं अण्णा म्हणतात. यावर वैतागायला हवं, पण त्यांचा चेहरा उजळलेला असतो. संशोधन आणखी सहा महिने चालणार असतं.

लोखंड वगळण्याच्या बटणावर तर त्यांचं स्वतंत्र प्रकरण आहे. खिळे, पत्रे यांचा आवाज नको म्हणून हौशी लोक लोखंड बंद करून टाकतात. "पण आपलं एक रुपयाचं नाणं १९९२ पासून स्टीलचं आहे, चुंबकाला चिकटणारं. लोखंड वगळलंत की भारत सरकारच वगळलंत!" अॅल्युमिनियमच्या कागदाचा आवाज नको म्हणावं, तर बारीक सोन्याची अंगठीही नेमकी त्याच पट्ट्यात बोलते. कचरा टाकला की अंगठीही गेली. या ठिकाणी वहिनी आतून म्हणतात, "नाशकात रामकुंडावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढतात. इथे पुण्यात सोन्या मारुतीपाशी झारेकरी सराफांच्या दारातला केर धुऊन सोनं काढतात. त्यांनी कुठली वही घातली होती?" अण्णा लोहचुंबकाची नोंद करून घेतात. शेरा : दहा हजारांच्या कितीतरी आत, परंतु सोने चिकटत नाही.

इंग्लंडच्या गोष्टी त्यांना तोंडपाठ आहेत. १९९२ साली सफोक परगण्यात एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. मित्र डिटेक्टर घेऊन ती शोधायला गेला आणि त्याला रोमन काळातली पंधरा हजारांच्या आसपास नाणी सापडली. "हातोडीसुद्धा सापडली. ब्रिटिश म्युझियमनं खजिन्याबरोबर तीही ठेवून घेतली!" यावर वहिनींचा प्रश्न : "मग त्या शेतकऱ्याला हातोडी कुणी दिली?" या प्रश्नाचं उत्तर वहीत नाही. पण अण्णांची लाडकी गोष्ट २००९ ची. स्टॅफर्डशायरच्या शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा मोठा साठा मिळाला, त्याची किंमत ठरली बत्तीस लाख पंच्याऐंशी हजार पौंड. आणि शोधणाऱ्याचं यंत्र जुन्या बाजारातून अडीच पौंडांना घेतलेलं होतं म्हणतात. अख्ख्या वहीत हा एकच आकडा लाल शाईनं अधोरेखित आहे आणि त्यापुढचा शेरा आहे : वाजवी.

बातमी फुटायची ती फुटलीच. एका संध्याकाळी कुंकू लावलेला एक अनोळखी गृहस्थ आला आणि अमावस्येला गावी येता का, वाड्यात गुप्तधन आहे, असं कुजबुजला. दुसरा कुणी असता तर घाबरला असता किंवा निघाला असता. अण्णांनी वही उघडून विचारलं, "माती काळी की मुरमाड?" गृहस्थाला माती माहीत नव्हती, फक्त मुहूर्त माहीत होता. त्याला बसवून अण्णांनी १८७८ चा निखात निधीचा कायदा वाचून दाखवला. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, नाही कळवलं तर वर्षभर तुरुंग होऊ शकतो. धन बेवारस ठरलं आणि जागामालकानं हक्क सांगितला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक मालकाचा. दहा रुपयांची ती मर्यादा अजून तशीच आहे, याचं अण्णांना अतोनात कौतुक. "आजच्या काळात दहा हजार, दहा लाख अशी वाढवली नाही कुणी. शिस्त!" गृहस्थ चहा न घेता गेला. गडकिल्ल्यांचा प्रश्न अण्णांनी आधीच निकालात काढला होता : संरक्षित स्मारकात खणणं गुन्हा आहे, पाप आहे, आणि त्यांचे गुडघेही तयार नाहीत.

शेवटी यंत्र आलं ते वहिनींमुळे. दिवाळीच्या सेलमध्ये त्यांनी वही न बघता एक बेनाम चिनी डिटेक्टर मागवून टाकला. किंमत ९,९९९. अण्णांचा आनंद मिनिटभर टिकला, कारण बिलाच्या तळाशी पोचवण्याचे ४९ होते. तत्त्व मोडलं ते मोडलंच. तरी दुसऱ्या दिवशी कानाला हेडफोन लावून ते सोसायटीच्या बागेत उतरले, मागे खुरपं घेऊन मी.

पुण्यातल्या सोसायटीची बाग म्हणजे वर चार बोटं माती आणि खाली बिल्डरनं पुरलेला राडारोडा. यंत्र सुरू होताच जे बोंबललं ते थांबेना. सळईचा तुकडा, बांधकामाची तार, सोड्याच्या बाटलीचे बिल्ले, गोळ्यांची रिकामी पाकिटं, पुन्हा तार. माळी झाडू टेकवून पाहत होता. शेवटी जास्वंदीजवळ वेगळा, गोड आवाज आला. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं. खुरप्याच्या टोकाला लागली दहा रुपयांची दोन नाणी, एकमेकांना चिकटलेली.

मी टाळी वाजवली. अण्णा गंभीर झाले. "एक सापडलं असतं तर दहा. दहा म्हणजे दहापेक्षा जास्त नव्हे, खिशात घातलं असतं. ही झाली वीस." त्याच रात्री त्यांनी कलेक्टरसाहेबांना अर्ज लिहिला : निधीचं स्वरूप, रक्कम, जागा, तारीख. एक प्रत सोसायटीच्या सेक्रेटरींना, कारण चौथा हिस्सा जागामालकाचा.

सेक्रेटरी अण्णांच्याच जातकुळीतले. तिसऱ्या दिवशी लेटरहेडवर उत्तर आलं : "आपला पंधरा रुपयांचा हक्क समितीस मान्य आहे. सोसायटीच्या वाट्याचे रुपये पाच, तसेच परवानगीविना बाग उकरल्याचा दंड रुपये पाचशे, चालू महिन्याच्या मेंटेनन्सबरोबर भरावेत." पाच रुपये अण्णांनी लगेच भरले, पावतीही घेतली. दंडावर मात्र लेखी हरकत घेतली आहे : खड्डा वीतभरच होता.