भिंतवाजवे

जुना फ्लॅट बघायला निघालेल्या माणसाबरोबर बायको, एजंट आणि भिंतवाजवे असे तिघे जातात. बायकोला घर आवडण्याची शक्यता असते, एजंटाला ते आधीपासूनच आवडलेलं असतं. भिंतवाजव्यांना घराशी काही कर्तव्य नसतं. दारात चपला काढता काढताच त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकतं, पॅसेजच्या भिंतीवर टक टक टक होतं, मान तिरपी होते, डोळे मिटतात आणि निकाल बाहेर पडतो : "पोकळ."

भिंतवाजवे बहुधा निवृत्त असतात. निवृत्ती बँकेतून झाली की पाटबंधारे खात्याच्या हिशेब शाखेतून, याने फरक पडत नाही. बांधकामाशी त्यांचा संबंध इतकाच, की स्वतःची सोसायटी उभी राहत असताना ते दर रविवारी साइटवर जाऊन गवंड्याला "पाणी मारा" असं सांगत. गवंडी पाणी मारणारच होता. तरी इमारत आजवर उभी आहे ती आपल्या रविवारांमुळे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही.

बोटाने वाजवून काय कळतं, हा प्रश्न त्यांना विचारू नये, पण तो रास्त आहे. गिलावा विटेपासून सुटला असेल तर तिथे आवाज बद्द येतो. फरशीखाली माल नीट भरला नसेल तर नाणं आपटून तेही कळतं. माठ वाजवून घेणाऱ्या समाजाला एवढं शास्त्र शिकवावं लागत नाही. मात्र काँक्रीटचा खांब आतून कसा आहे, त्यातली सळई गंजली आहे का, हे बोटाच्या पेराला अजिबात कळत नाही. नव्या इमारतींत तर आणखी पंचाईत. तिथल्या भिंती हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. साइटवर त्यांना सरसकट सिपोरेक्स म्हणतात. असा ब्लॉक १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये निघाला, तेव्हा त्यात भरलेली हवा हा त्याचा गुण मानला गेला. भिंतवाजव्यांनी तो दोष मानला. बाणेरच्या एका टॉवरमध्ये त्यांनी अख्खा थ्री बीएचके पोकळ ठरवला. एका ठिकाणी मात्र "हं, हे पक्कं" म्हणून मान डोलावली. ते भिंतीतल्या कपाटाचं दार होतं, आत मालकाच्या रजया ठासून भरल्या होत्या.

ही सवय भिंतीपुरती राहत नाही. कर्जाच्या चौकशीला गेलं की बँक मॅनेजरच्या केबिनचं पार्टिशन वाजतं (पोकळ, या वेळी निदान बरोबर). लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडेपर्यंत खांब वाजतात. डोंबिवलीत एका घरी मालकांचे वयोवृद्ध वडील भिंतीला टेकून बसले होते. "आजोबा, जरा पुढे सरकता का?" असं आदबीने विचारून भिंतवाजव्यांनी त्यांच्या पाठीमागे टक टक केलं आणि एजंटाला हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजोबांच्या मागे काही राहिलेलं नाही." त्या घरी नंतर चहा आला नाही.

खरं पर्व सुरू होतं ते तपासणीच्या वेळी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. झालं असेल तर प्रत सेक्रेटरींच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली गावाला गेलेली असते. म्हणून शहाणं गिऱ्हाईक स्वतःच एखादा इंजिनिअर घेऊन जातं. इंजिनिअर गिलावा खरवडून काँक्रीटवर रिबाउंड हॅमर टेकवतो. आतला दट्ट्या किती उसळतो, यावरून वरच्या थराचा कठीणपणा कळतो. टकटक असाच आवाज येतो. "आपलंच तत्त्व," भिंतवाजवे शांतपणे म्हणतात. मग ध्वनिलहरींचं यंत्र निघतं. लहर सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर पळाली तर काँक्रीट उत्तम, तीनच्या खाली रेंगाळली तर संशयास्पद. इंजिनिअर आकडा लिहून घेतो आणि भिंतवाजवे त्याच खांबाला बोटाने दुजोरा देतात.

अहवाल येतो तो जाडजूड असतो. प्रत्येक भेगेचा फोटो, प्रत्येक फोटोवर लाल बाण. वाचणाऱ्याची झोप उडते, कारण अहवालात केसाएवढी चीर आणि कुजलेली तुळई एकाच आकाराच्या फोटोत छापलेल्या असतात. खरं काम त्या दोन वेगळ्या करण्याचं आहे. गिलाव्यावरच्या बारीक, वेड्यावाकड्या चिरा रंगाच्या खर्चात जातात. खांबाच्या किंवा तुळईच्या लांबीने सळईसारखी सरळ जाणारी, तांबूस डाग असलेली भेग निराळी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. ओल दिसली तर ती कुठून येते हे आधी शोधायचं. गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी ही सोसायटीची जबाबदारी, वरच्या बाथरूमचं पाणी वरच्या बिऱ्हाडाची. हे दुसरं दुखणं पैशाने सुटत नाही, स्वभावाने सुटतं. म्हणून वरच्या मजल्यावर जाऊन एकदा नमस्कार करून यावा, तिथला सूर अहवालापेक्षा जास्त सांगतो. आणि मुंबईत महापालिकेच्या वर्गवारीत इमारत सी-१ निघाली, तर बोलणंच संपलं. ती रिकामी करून पाडायची असते.

उरलेल्यांसाठी मार्ग तीन : भाव पाडून घेणं, मालकाकडून दुरुस्त करून घेणं किंवा नाद सोडणं. यातला मधला सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत फसवा असतो. घर सोडून जाणारा माणूस दुरुस्ती म्हणजे पुट्टी आणि वर ऑफ-व्हाइट एवढंच करतो. त्यापेक्षा कंत्राटदाराकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्यावा, तो टेबलावर ठेवावा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा मागावी. हे सगळं इसार देण्यापूर्वी. इसार हातात पडला की मालकाला भेगा दिसेनाशा होतात.

भिंतवाजव्यांचा इथे काही उपयोग नाही. त्यांचा सल्ला एकच, "सोडून द्या." नळ गळतो, सोडून द्या. खांब तडकलाय, सोडून द्या. दोष सापडणं हाच त्यांचा आनंद, त्याचं पुढे काय करायचं हा प्रश्न त्यांच्या लेखी क्षुद्र. त्यांच्या भरवशावर राहिलेली कुटुंबं वर्षानुवर्षं भाड्याच्या घरात राहतात, आणि तिथल्याही भिंती वाजवून ठेवलेल्या असतात.

एवढं सांगून झाल्यावर जुलैचाही उल्लेख करायला हवा. व्यवहार ठरत आलेला असतो, मुसळधार पाऊस चार दिवस थांबलेला नसतो आणि गिऱ्हाईक ऑफिसात असतं. तेव्हा भिंतवाजवे कुणी न सांगता रेनकोट चढवून दोन बस बदलून त्या घरी जातात. गच्चीवर जाऊन पन्हळीचं तोंड तुंबलंय का बघतात, बेडरूमच्या कोपऱ्यात तळवा टेकवून पाहतात आणि संध्याकाळी फोन करतात : "कोपरा कोरडा आहे. घ्यायला हरकत नाही." या भेटीचे पैसे ते घेत नाहीत, बसचेसुद्धा. त्यांच्या स्वतःच्या इमारतीत गॅलरीच्या छताची सळई उघडी पडली आहे, पुनर्विकासाच्या सभा कोरमअभावी तहकूब होतात, आणि ते घर मात्र त्यांनी कधी वाजवलेलं नाही. चांगली भिंत हाताला लागावी म्हणून त्यांना दुसऱ्यांच्या घरी जावं लागतं.

पुढे कधीतरी तेच कुटुंब तोच फ्लॅट विकायला काढतं. भिंतवाजवे आता विकणाऱ्याच्या बाजूला, सोफ्यावर. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५वं कलम त्यांनी कुठूनसं मिळवलेलं असतं : घेणाऱ्याला साधारण काळजीने कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगायला हवा. "म्हणजे वाजवून कळण्यासारखं असेल ते सांगायला नको," असा त्यांचा अन्वयार्थ. बेल वाजते. बायको, एजंट आणि एक निवृत्त गृहस्थ आत येतात. गृहस्थांचं मधलं बोट वाकतं, पॅसेजच्या भिंतीवर टक टक टक होतं, आणि ते तोंड उघडण्याआधीच सोफ्यावरून आवाज येतो, "सिपोरेक्स आहे ते. तसंच वाजतं."

भिंत नऊ इंची विटेची असते.